देऊळघाटचा बुधवार

आमच्या मंडळीत निमित्ताशिवाय कुणी कुणाच्या घरी प्रार्थनेला जात नाही. मंडळी म्हणजे चर्च. बुलडाण्यात आम्ही दोन्ही शब्द वापरतो, आणि रागावलो की 'कमिटी' म्हणतो. निमित्तं ठरलेली आहेत. बाळाचा वाढदिवस, दहावीचा निकाल, नवं घर, नवी मोटरसायकल. मोटरसायकलवर हात ठेवून केलेल्या प्रार्थनेला मी स्वतः हजर होते. ती जरा लांबली, कारण चालवणाऱ्याकडे लायसन नव्हतं आणि त्याच्यासाठी वेगळी प्रार्थना करावी लागली. सगळ्यात पक्कं निमित्त म्हणजे मरण. गेलेल्या माणसाच्या घरी आम्ही त्याच दिवशी जातो, तिसऱ्या दिवशी जातो आणि वर्षश्राद्ध म्हणत नसलो तरी वर्षानेही जातो. ह्या बाबतीत आमच्या मंडळीला कुणी नाव ठेवणार नाही.

देऊळघाटच्या मावशींचं घोडं इथेच अडलं होतं. त्यांच्याकडे निमित्त नव्हतं.

मावशी बालवाडीत मदतनीस होत्या. नवरा गेल्यावर देऊळघाटच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मूलबाळ नाही, त्यामुळे दहावीला कुणी बसलेलं नाही. जन्मतारीख विचारली तर भुईमूग काढायचे दिवस होते एवढंच सांगता यायचं, त्यामुळे वाढदिवस नाही. मोटरसायकलचा प्रश्नच नव्हता. दर रविवारी त्या शेअर ऑटोने बुलडाण्याला उपासनेला यायच्या आणि उपासना संपली की दाराशी मंडळीच्या सेक्रेटरींना गाठायच्या.

"भाऊ, माह्या घरी एकडाव प्रार्थना ठेवा ना."

"ठेवू ना मावशी. निमित्त काय हाये?"

"निमित्त कायले पाह्यजे? मी हावो ना."

सेक्रेटरी हसायचे आणि "काही असलं म्हणजे सांगजा" म्हणून पुढच्या माणसाशी हात मिळवायचे. हे संभाषण मी कितीतरी रविवार ऐकलं, कारण माझ्या चपला नेमक्या त्याच दाराशी असतात. एका रविवारी मात्र मावशी हलल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तुमी माह्या घरी अखरीचे आले ते आमचे बुढे गेले तवा. आता मी मरीन तवा येसान. पन तवा मले कसं समजन, का तुमी आले म्हनून?"

सेक्रेटरी म्हणाले, "देवाची इच्छा." कमिटीच्या सभेत न बसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ते हेच म्हणतात. मला राग आला. मला राग लवकर येतो. आयुष्यभर पहिलीचा वर्ग शिकवला की राग हाताशी ठेवायची सवय लागते. पण मी चपला घातल्या आणि निघाले.

त्याच पावसाळ्यात पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, एका प्रशिक्षणाला गेले आणि येताना शिष्यत्वाचे लहान गट घेऊन आले. पाळकसाहेब तरुण, गोदावरीच्या पलीकडचे, स्वच्छ बोलणारे. त्यांनी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवून समजावलं. पाच-सहा जणांचा एक गट. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसायचं. भाषण नाही. शास्त्रातला एक उतारा वाचायचा, मनापासून जे वाटतं ते बोलायचं, एकमेकांसाठी प्रार्थना करायची, आणि गटात बोललेलं गटातच ठेवायचं. प्रभूसुद्धा बारा जणांना घेऊन हेच करत होता, असं ते म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं, त्यातला एक फुटलाच ना. पाळकसाहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

आमच्याकडे गट आधीच दोन होते. एक सेक्रेटरींचा, आणि एक ज्यांना सेक्रेटरी व्हायचं होतं त्यांचा. पाळकसाहेब आणखी सहा करायचे म्हणाले तेव्हा कमिटीचे चेहरे उतरले. पाळकसाहेबांनी वस्तीप्रमाणे गट पाडून दिले. मग लोकांनी ते दुरुस्त करायला घेतले. कुणाला नणंदेच्या गटात जायचं नव्हतं, कुणाला व्याह्यांसमोर मनापासून बोलायचं नव्हतं. करता करता प्रत्येक गट म्हणजे एकेक घराणं झालं. सेक्रेटरींच्या गटात सेक्रेटरी, त्यांचे दोन भाऊ, भावजया आणि मेहुणा. ही माणसं तशीही रोज एकमेकांच्या घरी जेवत होती.

बाजार उठल्यावर पाटीत जे उरतं, ते आम्ही. मी आणि आमचे हे बदलीवर इथे आलो आणि इथेच राहिलो, त्यामुळे मंडळीत आमचं कुणी सोयरं नाही. एक रिटायर कंपाउंडर होते, ज्यांचं दोन्ही गटांशी भांडण झालं होतं. सरकारी दवाखान्यातली एक सिस्टर होती, जिची ड्युटी कधी संपेल ते तिलाच ठाऊक नसायचं. आणि मावशी. पाळकसाहेब मला म्हणाले, "बाई, हा गट तुम्ही चालवा. तुम्हाला बोलायची सवय आहे." ही माहिती त्यांना कुणी दिली ते मी अजून शोधते आहे.

पहिला बुधवार कुणाच्या घरी, असं त्यांनी विचारलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मावशी म्हणाल्या, "माह्या घरी."

कंपाउंडर म्हणाले, देऊळघाट लांब पडतं.

"मले दर रविवारी जमते," मावशी म्हणाल्या. "रस्ता तोच हाये."

त्या बुधवारी आम्ही चौघं एका ऑटोतून देऊळघाटला उतरलो. पुढे जे झालं त्यात दोष कुणाचा, हे सांगणं कठीण आहे. हातात पवित्र शास्त्र असेल तर अंगावर पांढरंच हवं, असा कंपाउंडरांचा नियम आहे, म्हणून ते पांढऱ्या शर्ट-पँटमध्ये. सिस्टर ड्युटीवरून थेट आली होती, म्हणून पांढऱ्यात. ह्यांचा इस्त्री केलेला एकच शर्ट निघाला, तोही पांढरा. मी फिकट निळी नेसले होते, मला कुणी बोलू नये. कंपाउंडर कुणाशीच बोलत नसत, त्यामुळे आम्ही चौघंही गप्प. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. तिथे मी हळू आवाजात विचारलं, मावशींचं घर कोणतं. दुकानदाराने आमच्याकडे पाहिलं, कंपाउंडरांच्या काखेतल्या काळ्या पुस्तकाकडे पाहिलं, घर दाखवलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. मला वाटलं, त्याची जेवायची वेळ झाली असेल.

मावशींनी बाहेरच्या खोलीत चटई घातली होती. आम्हाला बसवून त्या पडद्याआड भजी तळायला गेल्या. रिकामं बसवत नव्हतं, म्हणून कंपाउंडरांनी गीत सुरू केलं. चालीसकट पाठ असलेलं त्यांचं एकच गीत आहे, आणि ते आम्ही माती देताना म्हणतो. आम्ही मागे म्हटलं. सिस्टरचा आवाज गोड आहे, थोडा रडवा. दुसऱ्या कडव्याला दारात चपला वाढलेल्या दिसल्या. तिसऱ्या कडव्याला शेजारच्या भाभी तोंडाला ओढणी लावून आत आल्या, माझ्या बाजूला बसल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"कब हुआ?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच सुरू केलं," मी म्हटलं.

"सुबह तो अच्छी थी."

"हो, देवाची कृपा."

भाभी रडायला लागल्या. मला वाटलं, फार भाविक बाई दिसते. दारात समोरच्या घरातली बाई उभी होती, तिच्या मागे दोघं-तिघं टोप्या काढून. त्यांच्यातल्या एकाने ह्यांना विचारलं, माती आजच का उद्या. आमचे हे कमी बोलतात. ते म्हणाले, "मला कल्पना नाही, बाईंना विचारा."

एवढ्यात मावशी भज्यांचं ताट घेऊन पडद्याबाहेर आल्या.

गाणं थांबलं. भाभींनी माझा हात सोडला.

"मौसी," भाभी म्हणाल्या, "तुम?"

"हाव," मावशी म्हणाल्या. "बस. भजे खाय."

मग मावशींनाच समजावून सांगावं लागलं. कोनी मेलं नाही, चर्च आलं हाये. समोरच्या बाईने विचारलं, "काऊन?" त्या गल्लीत चर्च एकाच निमित्ताने आलं होतं, मावशींचे यजमान गेले तेव्हा, त्यामुळे तिचा प्रश्न रास्त होता. मावशींनी ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "असंच."

एवढं म्हणून त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. ज्यांचं पोर पहिलं आलं आहे अशा आया मी निकालाच्या दिवशी पाहिल्या आहेत. मावशी तशा दिसत होत्या. मी भजं तोंडात टाकलं.

प्रकरण तिथे मिटायचं, पण भाभींच्या चुलीवर पिठलं चढलं होतं आणि समोरच्या बाईच्या भाकरी अर्ध्या झाल्या होत्या. मरण झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणतात. हे हिंदूंत आहे, मुसलमानांत आहे आणि आमच्यातही आहे. आता मेलेलं कुणी नव्हतं, पण केलेलं अन्न माघारी कसं न्यायचं. पिठलं-भाकरी आली. आम्ही सुतकाचं जेवण जेवलो आणि ज्यांचं सुतक होतं त्याच वाढत होत्या. फार आग्रह करत होत्या. "घ्या हो बाई, तुमी तं काईच खाल्लं नाही." कंपाउंडरांनी जेवणाआधी प्रार्थना केली आणि माती देतानाच्या सवयीने मावशींच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानले. ह्या वेळी ते चुकलं नाही. परत जाताना दुकानाचं शटर वर गेलेलं होतं.

आम्ही ऑटोत चढताना मावशींनी विचारलं, "फुडच्या बुधवारी येता ना?"

"येतो ना," मी म्हटलं.

पुढचा बुधवार कुणाकडे करायचा हे खरं तर पाळीने ठरायचं होतं. पण मावशी प्रत्येक वेळी ऑटोपर्यंत येऊन तेच विचारायच्या, आणि मी येतो म्हणून जायचे. माझ्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. उन्हाळा आला, गल्लीत पाण्याचा टँकर यायला लागला, तरी प्रश्न तोच. एकदा मी वैतागून म्हटलं, "मावशी, येतो म्हटलं ना." त्या म्हणाल्या, "हाव, पन इचारलेलं बरं."

गट म्हणून आम्ही फार हुशार नव्हतो. सुरुवातीला विचारायचा प्रश्न पाळकसाहेबांनी मला पढवला होता: ह्या आठवड्यात देवाने तुम्हाला काय शिकवलं? ह्यावर आमच्या मंडळीत एकच उत्तर आहे, प्रभूच्या कृपेने बरं आहे. चौघांनी ते दिलं. मावशी मात्र विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "पयले मी दोन-दोन दिवस घर झाडत नव्हती. कोन येते पाहाले. आता मंगळवारी झाडतो, मंग बुधवारी पुन्ना झाडतो." ह्याचा उताऱ्याशी संबंध काय, असं कंपाउंडरांनी विचारलं. मी पहिलीच्या वर्गात बघते तसं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी भजं उचललं.

त्यानंतर काही बुधवार गेल्यावर कंपाउंडर स्वतःच बोलले. गटातलं गटातच ठेवायचा नियम मी इथे मोडते आहे, पण त्यांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, बायको वारल्यापासून त्यांनी प्रार्थना केलेली नाही. ओठ हलतात, आत काही होत नाही. मंडळीत हे कुणाला सांगता येत नाही म्हणून त्यांनी आधी सगळ्यांशी भांडून घेतलं, म्हणजे कुणी विचारायला नको. मावशींनी त्यांच्या पुढ्यात भजी सरकवली. "मंग आमी करतो तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "तुमी नुस्ते बसा." आम्ही बराच वेळ भजी खाल्ली. मला त्या दिवशी कळलं की पाळकसाहेब जे शिकून आले होते ते हे असावं, फक्त त्यांनी भज्यांचा उल्लेख केला नव्हता.

त्या पहिल्या बुधवारनंतर भाभी कधी आत आल्या नाहीत. त्या उंबऱ्यावर बसायच्या, त्यांना चाली आवडायच्या, आणि कंपाउंडरांनी मातीचं गीत काढलं की "वो नहीं, दूसरा" म्हणून थांबवायच्या. दर बुधवारी त्यांच्या घरून चहाचा ट्रे यायचा. मावशींना साखरेचं दुखणं, म्हणून त्यांचा कप वेगळा, काठाला निळी पट्टी असलेला, बिनसाखरेचा. तो चुकून माझ्या हाती आला तर भाभी उंबऱ्यावरूनच ओरडायच्या.

बुलडाण्यातल्या गटांचे मात्र नव्याचे नऊ दिवस झाले. पहिल्या आठवड्याला एका घराने पोहे केले, दुसऱ्याने खीर-पुरी, तिसऱ्याने कोंबडी. चौथ्याला पुढे काय करायचं हे कुणाला सुचेना. एका गटात लग्न जमलं, दुसऱ्यात मोडलं. पुढचा पावसाळा यायच्या आत सगळे थंड झाले. कमिटीच्या अहवालात मात्र गट प्रभूच्या कृपेने चालू होते. पाळकसाहेबांचं तोंड उतरलेलं असायचं. मी त्यांना म्हटलं, एक चालू आहे, येऊन बघा. ते एका बुधवारी आले आणि उंबऱ्यावर भाभींच्या शेजारी बसले. जाताना मावशींनी त्यांनाही विचारलं, फुडच्या बुधवारी येता ना.

दिवाळीनंतर मावशींच्या पायाला जखम झाली. साखरेच्या माणसाची जखम, ती चिघळली. सिस्टरने त्यांना स्वतःच्या वॉर्डात भरती करून घेतलं. आम्ही रोज कुणी ना कुणी जायचो. मंगळवारी मी गेले तेव्हा त्यांनी उशीखालून घराची चावी काढून माझ्या हातात दिली.

"उद्या बुधवार हाये," त्या म्हणाल्या.

"तुम्ही इथे. तिथे जाऊन आम्ही काय करणार?"

"घर उघडा. झाडून घ्या. बसा."

मला ते पटलं नव्हतं, पण दवाखान्यात वाद घालू नये. बुधवारी आम्ही चौघं गेलो. मी झाडून घेतलं. वाचलं, प्रार्थना केली. भाभींनी ट्रे पाठवला, त्यात निळ्या पट्टीचा कप नव्हता. मला तो ट्रे बघवेना. दुसऱ्या दिवशी मावशींना सगळं सांगितलं, कोण काय बोललं ते. त्यांनी गल्लीत पाणी आलं का ते विचारलं, भाभींच्या सुनेचं विचारलं. मग म्हणाल्या, "फुडच्या बुधवारी येता ना?"

पुढच्या बुधवारी सकाळी मावशी गेल्या. सिस्टर जवळ होती. तिचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते, आणि ती भाजी मी सगळी निवडून संपवली. मग रडले.

चार वाजता त्यांना घरी आणायचं आणि तिथून माती द्यायची, असं पाळकसाहेबांनी ठरवलं. चावी माझ्याकडे होती, म्हणून मी आणि कंपाउंडर आधी गेलो. मी झाडून घेतलं, चटया घातल्या. मग माणसं यायला लागली. निमित्त असलं की आमची मंडळी वेळेवर येते. दारात चपलांचा ढीग झाला. सेक्रेटरी आले, भाऊ, भावजया, मेहुणा आले. सेक्रेटरींनी आत डोकावून बसायला जागा शोधली.

"या," मी म्हटलं. "आता निमित्त आहे."

ते कोपऱ्यात बसले. थोड्या वेळाने खोलीभर बघत म्हणाले, "पुष्कळ माणूस आलं. मावशीले बरं वाटलं असतं."

मी म्हटलं, "त्यांना कसं समजेल?"

मावशींचं ते वाक्य मी ठरवून म्हटलं नव्हतं, ते तोंडातून आलं. सेक्रेटरींना मात्र आठवलं असावं. त्यांनी मान खाली घातली आणि ती बराच वेळ वर केली नाही. त्यांच्यावरचा माझा राग तिथे संपला. ठेवायला मला आवडलं असतं.

गल्लीतलं कुणी आलं नव्हतं. दुकानाचं शटर पूर्ण वर होतं. मला ते उमगलं नाही, आणि उमगलं तेव्हा उशीर झाला होता. भाभी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. बुधवार होता, आम्ही पांढऱ्या कपड्यांत आलो होतो, चटया घातल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने काहीच वेगळं नव्हतं, फक्त माणसं जास्त होती. ट्रेमध्ये निळ्या पट्टीचा कप होता.

"छुट्टी हो गई ना मौसी की?" त्या हसून म्हणाल्या. "मुझे चप्पल देख के ही समझा. बिना शक्कर का अलग लायी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला बोलायची सवय आहे असं म्हणतात. मी उठून त्यांच्या हातातला ट्रे घेतला आणि म्हटलं, "भाभी, त्यांना चार वाजता आणताहेत."

भाभींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि त्या पहिल्या बुधवारनंतर प्रथमच आत येऊन चटईवर बसल्या. कंपाउंडर सरकले. कुणी गीत सुरू करेना. शेवटी भाभीच म्हणाल्या, "वो गाओ ना. वो वाला." कंपाउंडरांनी मातीचं गीत सुरू केलं.

संध्याकाळी कबरस्तानातून परत आलो तेव्हा मावशींच्या घरी पिठलं-भाकरी आली होती. बाकीची मंडळी बुलडाण्याला निघून गेली होती; आम्ही चौघंच जेवायला बसलो. पहिल्या बुधवारी मावशींनी वाढलं होतं. ह्या वेळी भाभी वाढत होत्या आणि आग्रह करत होत्या, "लो ना बाई, तुमने तो कुछ खाया ही नहीं."

नंतर त्या आम्हाला सोडायला ऑटोपर्यंत आल्या. ऑटो सुरू झाला तरी दांडा धरून उभ्याच होत्या.

"अगले बुधवार आते ना?" त्यांनी विचारलं.